घरच्या स्टुडिओसाठी स्वस्त हेडफोन ॲम्प कसा निवडायचा? आधी गणित, मग खरेदी

हेडफोन ॲम्प्लिफायर, म्हणजे बोलण्यातला 'हेडफोन ॲम्प', हा एक छोटासा डबा असतो. आलेला ऑडिओ सिग्नल घ्यायचा, हेडफोनमधला पडदा नीट हलेल एवढा त्याला जोर द्यायचा आणि आवाज कमी-जास्त करायला एक नॉब द्यायचा, एवढंच त्याचं काम. असा एक ॲम्प तुमच्या लॅपटॉपमध्ये, ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि फोनच्या यूएसबी-सी डोंगलमध्येसुद्धा आधीच बसवलेला आहे. त्यामुळे 'कोणता ॲम्प घेऊ?' असं विचारायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: जो आहे तो नक्की कुठे कमी पडतोय?

मी राहतो त्या वर्सोव्यात हा प्रश्न रोजचा आहे. यारी रोड, सात बंगला, आरामनगर या भागात ऑडिशन, डबिंग आणि व्हॉइस ओव्हरवर जगणारी बरीच मंडळी भाड्याच्या खोल्यांत राहतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, स्टुडिओ बंद झाले आणि अनेकांनी घरातलं कपाट रिकामं करून, आत गोधड्या टांगून तिथेच रेकॉर्डिंग सुरू केलं. लॉकडाउन गेला, कपाटातले स्टुडिओ राहिले. सामान साधारण सगळीकडे सारखंच: एक लॅपटॉप, एक यूएसबी इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, एक हेडफोन. एकटे असाल तोवर सगळं छान चालतं. दुसरा माणूस आला, की गाडी अडते.

आजार दोन, औषधं वेगळी

पहिला आजार: नॉब पूर्ण फिरवला तरी हेडफोनमध्ये आवाज पुरेसा येत नाही. दुसरा आजार: आवाज भरपूर आहे, पण जॅक एकच आणि ऐकणारे दोन किंवा चार. स्वस्त इंटरफेसना हेडफोनचा जॅक बहुतेक वेळा एकच असतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही ऐकायचं असतं आणि माइकसमोरच्यालाही.

माझ्या बघण्यात घरच्या स्टुडिओतल्या दहापैकी आठ जणांना दुसरा आजार असतो आणि ते औषध पहिल्याचं शोधत बसतात. व्हिडिओ बघून 'डिटेल', 'साउंडस्टेज' असले शब्द ऐकतात आणि एकाच माणसासाठी बनवलेला महागडा ॲम्प घेऊन येतात. जॅक तरीही एकच!

यावर शंभर रुपयांची वाय केबल लावून जमत नाही का? जमतं, पण दोन्ही हेडफोन अगदी सारखे असतील तरच. वाय केबल दोघांनाही सारखेच व्होल्ट देते आणि सारख्या व्होल्टवर वेगवेगळे हेडफोन वेगवेगळा आवाज काढतात. उदाहरण घ्या. गायिकेच्या कानावर बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाला. तुमच्या कानावर सोनीचा एमडीआर-७५०६. दोघांनाही १ व्होल्ट मिळाला, तर तिला साधारण १०२ डेसिबल ऐकू येईल आणि तुम्हाला ११८. ती म्हणणार "अजून वाढव", आणि इकडे तुमचे कान फाटणार. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा नॉब असलेला ॲम्प लागतो. दर्जा वाढवणं हा इथे मुद्दाच नाही, वाटणी करायची आहे.

ओहमच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

"जास्त ओहम म्हणजे ॲम्प लागणार, कमी ओहम म्हणजे नाही लागणार." हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक इम्पीडन्स, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकद दिली तर आवाज किती मोठा होतो. हे दोन्ही मिळूनच काहीतरी कळतं.

गणित दहावीच्या पुढचं नाही. कल्पना करा की सर्वांत मोठ्या क्षणाला, म्हणजे तबल्याची थाप किंवा एखादी आरोळी, ११० डेसिबलपर्यंत जाता यायला हवं. (सतत ११० नव्हे. त्याबद्दल पुढे.) आवाज १० डेसिबलने वाढवायला ताकद दहापट लागते, ३ डेसिबलला साधारण दुप्पट. हेडफोन १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देत असेल, तर वरच्या १४ डेसिबलसाठी साधारण २५ मिलिवॅट लागतील. मग वॅट गुणिले ओहम करून त्याचं वर्गमूळ काढलं की आले व्होल्ट.

कंपन्यांच्या आकड्यांवरून चार ओळखीच्या हेडफोनचा हिशोब असा निघतो:

सोनी एमडीआर-७५०६: ६३ ओहम, १०६ डेसिबल. लागतात २.५ मिलिवॅट, म्हणजे ०.४ व्होल्ट.
ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स: ४७ ओहम, ९६ डेसिबल. लागतात २५ मिलिवॅट, म्हणजे १.१ व्होल्ट.
एकेजी के२४० स्टुडिओ: ५५ ओहम, ९१ डेसिबल. लागतात ८० मिलिवॅट, म्हणजे २.१ व्होल्ट.
बायरडायनामिक डीटी ७७० प्रो: २५० ओहम, ९६ डेसिबल. लागतात २५ मिलिवॅट, म्हणजे २.५ व्होल्ट.

सोनी आणि एकेजी यांचे ओहम जवळजवळ सारखे आहेत, पण एकेजीला पाचपट व्होल्ट लागतात. ओहम बघून निर्णय घेतला असता तर इथे फसलो असतो. एकेजीला करंटही जास्त लागतो, डीटी ७७० प्रोच्या जवळजवळ चौपट. म्हणजे खरा खादाड '२५० ओहम'वाला नसून साधा दिसणारा ५५ ओहमवाला आहे.

आणखी एक सापळा. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला देतात, काही व्होल्टला. के२४० स्टुडिओचा आकडा तुम्हाला कुठे ९१ दिसेल तर कुठे १०४. दोन्ही बरोबर. ९१ हा १ मिलिवॅटचा, १०४ हा १ व्होल्टचा. दुकानदार दोन हेडफोनची तुलना करून दाखवत असेल, तर आधी एकक विचारा. सांगता आलं नाही, तर मॅन्युअल उघडा.

आता तुमच्याकडे काय आहे ते मोजा

हेडफोनला किती लागतं ते कळलं. इंटरफेस किती देतो, ते त्याच्या मॅन्युअलमध्ये 'हेडफोन आउटपुट' या सदरात असतं. कधी डीबीयूमध्ये लिहितात. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, त्यामुळे ७ डीबीयू लिहिलं असेल तर साधारण १.७३ व्होल्ट. कधी '३२ ओहमला १०० मिलिवॅट' असं लिहितात. त्याचं वर्गमूळ काढा, १.८ व्होल्ट येतात. गंमत अशी की हाच आउटपुट २५० ओहमच्या हेडफोनला लावला, तर व्होल्ट तेवढेच राहतात आणि ताकद उरते जेमतेम १३ मिलिवॅट. जाहिरातीत मात्र १०० हा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

ज्यांच्याकडे इंटरफेस नाही, फोनवरच रेकॉर्डिंग चालतं, त्यांच्यासाठी: ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. सोनी ७५०६ ला तो पुरून उरतो, एम२०एक्सलाही जवळजवळ पुरतो. मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हा डोंगल कमी आवाजातच अडकून बसतो. त्यामुळे घेण्याआधी स्वतःच्या फोनवर लावून बघा.

हिशोब केल्यावर बहुतेकांच्या लक्षात येईल, की एकट्यासाठी वेगळ्या ॲम्पची गरज नाही. तसं असेल तर हा लेख इथेच सोडा आणि ते पैसे कपाटातल्या गोधड्यांवर घाला. माइकमध्ये येणारा खोलीचा घुमारा हेडफोन ॲम्पने जात नाही. हेही लक्षात ठेवा, की ॲम्पचा आवाज रेकॉर्ड होत नाही, तो फक्त तुम्ही ऐकता. ॲम्पमध्ये थोडी सळसळ असली, तर ती तुमच्या श्रोत्यांपर्यंत कधीच पोचणार नाही. म्हणून या वस्तूवर कमी खर्च केला तर चालतो. माइक आणि खोलीवर केला तर चालत नाही.

आउटपुट इम्पीडन्स: खोक्यावर न छापलेला आकडा

हेडफोनला जसा इम्पीडन्स असतो तसा ॲम्पच्या आउटपुटलाही असतो. तो जितका कमी तितकं चांगलं. ढोबळ नियम असा, की तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत.

का? कारण दोघं मिळून व्होल्ट वाटून घेतात. ॲम्पचा आउटपुट १०० ओहमचा असेल आणि त्याला ४७ ओहमचा हेडफोन लावला, तर हेडफोनच्या वाट्याला एक तृतीयांशापेक्षाही कमी व्होल्ट येतात, म्हणजे १० डेसिबल गेले. २५० ओहमच्या हेडफोनचे मात्र तीनच डेसिबल जातात. शिवाय हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो, त्यामुळे काही हेडफोनचा बास फुगतो आणि ढिला वाटायला लागतो. अशा हेडफोनवर मिक्स केलं, की गाणं बाहेरच्या स्पीकरवर पातळ वाजतं, कारण बास तुम्ही ऐकून ऐकून कमी केलेला असतो.

चार जणांना वाटून देणाऱ्या स्वस्त डब्यांत हा आकडा बऱ्याचदा मोठा असतो. गाणाऱ्याला सूर आणि ताल ऐकू आला की पुरे, त्याच्यासाठी हे चालून जातं. मिक्सिंग करणाऱ्याने मात्र इंटरफेसच्याच जॅकवर ऐकावं.

मग घ्यायचं काय?

वाटणीसाठी सर्वांत जास्त दिसणारा डबा म्हणजे बेहरिंगरचा मायक्रोॲम्प एचए४००. एक स्टिरिओ इनपुट, चार आउटपुट, प्रत्येकाला स्वतःचा नॉब, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर. तळहातावर मावतो. चौघांनाही एकच मिक्स ऐकू येतं, एकाला फक्त ताल आणि दुसऱ्याला फक्त पेटी असं करता येत नाही. घरच्या कामाला मला तो पुरेसा वाटतो. वर्सोवा कोळीवाड्यातलं कोरस असलेलं कोळीगीत असो की चौघांचा पॉडकास्ट, सगळ्यांना एकच ट्रॅक ऐकायचा असतो.

जोडताना एक गोष्ट हमखास चुकते. त्याचा इनपुट मोठ्या, ६.३५ मिलिमीटरच्या स्टिरिओ जॅकचा आहे. घरात पडलेली गिटारची केबल मोनो असते. ती लावली तर आवाज एकाच कानात येतो आणि लोक डबा खराब म्हणून परत करतात. पिनवर दोन काळ्या रेघा असलेली स्टिरिओ केबल घ्या आणि इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून या डब्यात न्या. इंटरफेसचा नॉब मग सगळ्यांचा मुख्य नळ होतो आणि डब्याचे चार नॉब चार बादल्यांचे.

थोडे जास्त पैसे असतील, तर प्रीसोनसचा एचपी४. यालाही चार आउटपुट आहेत, पण इनपुट डावा-उजवा वेगळा आहे. त्यामुळे तो थेट इंटरफेसच्या लाइन आउटला जोडता येतो आणि हेडफोनचा जॅक तुमच्यासाठी मोकळा राहतो. स्पीकरला पुढे सिग्नल देऊन तो बंद करायची सोयही त्यात आहे. माइक चालू करताना स्पीकर एका बटणात गप्प करता येणं छोट्या खोलीत फार कामाचं.

पहिला आजार खरोखर असेल, म्हणजे हातात २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन आहे आणि इंटरफेस त्याला पुरत नाही, तर एका माणसासाठीचा ॲम्प घ्या. शीटचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्सचा ॲटम ही या वर्गातली जुनी नावं. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी असतो आणि ताकद गरजेपेक्षा खूप जास्त. हे 'खूप जास्त' नेहमी फायद्याचं नसतं. सोनी ७५०६ सारखा हलका हेडफोन अशा ॲम्पला लावला, तर नॉब जेमतेम आठ वाजेपर्यंत फिरवता येतो आणि तिथे स्वस्त नॉबचा डावा-उजवा आवाज सारखा नसतो. म्हणून कमी गेनचं बटण आहे का ते बघा.

स्वस्त ॲम्पच्या या वर्गाचा इतिहास मला स्वतःला आवडतो, म्हणून थोडं विषयांतर. १९९८ मध्ये चू मॉय यांनी खिशात मावणाऱ्या एका ॲम्पचा आराखडा इंटरनेटवर खुला केला. पोरं तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवायची. पुढे २०११ मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाच्या एका ब्लॉगरने ओ२ नावाचा आराखडा सगळ्या मोजमापांसकट प्रसिद्ध केला. महागड्या ॲम्पइतकं स्वच्छ काम थोडक्या पैशांत होतं, हे त्याने आकडे दाखवून सिद्ध केलं. २०१२ मध्ये तो गायब झाला आणि तो कोण होता ते जाहीर झालं नाही. आज शंभर डॉलरच्या आसपासच्या ॲम्पकडून लोक जी अपेक्षा करतात, ती रुजवण्यात त्याच्या ब्लॉगचा मोठा वाटा आहे.

समुद्र, वीज आणि अमेरिकेचा अडॅप्टर

ॲम्प परदेशातून येत असेल, तर एका गोष्टीपायी तो पहिल्याच दिवशी जळू शकतो. मॅग्नी आणि ओ२ सारखे ॲम्प मोबाइलच्या चार्जरसारखे डीसीवर चालत नाहीत, त्यांना एसी अडॅप्टर लागतो. तो अडॅप्टर बहुतेक वेळा साधा ट्रान्सफॉर्मर असतो आणि अमेरिकेतला १२० व्होल्टसाठीच बनवलेला असतो. न्यू जर्सीच्या मावसभावाने बॅगेतून आणलेला डबा पिन बदलून आपल्या २३० व्होल्टमध्ये लावला, की धूर. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, इथे ते नसतं. अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. नवा लागला तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल, पण तिथे जाताना चार गोष्टी लिहून न्या: किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर, एसी की डीसी, आणि डीसी असेल तर मधली पिन प्लस की मायनस.

हेडफोनमध्ये सतत 'घूंऽऽ' येत असेल, तर ॲम्पला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. आवाज गेला, तर गोंधळ चार्जर आणि घरातल्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. नवा ॲम्प घेऊन हे सुटत नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागतं.

आणि खारा वारा. समुद्राच्या इतक्या जवळ धातूचे जॅक काळे पडतात आणि नॉब फिरवताना खरखर येते. वापर नसेल तेव्हा ॲम्प झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे नॉब इकडून तिकडे फिरवा. खरखर सुरू झालीच, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. त्या वेळी वीज बंद ठेवा.

ॲम्प जे करू शकत नाही

बोललेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतंय? तो लेटन्सीचा प्रश्न आहे, ॲम्पचा नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला घेऊ नका, त्यात आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने मागे पडणं नेहमीचं आहे आणि तेवढ्यात ताल हातचा जातो.

हेडफोनमधला ट्रॅक माइकमध्ये शिरत असेल, तर ताकद वाढवून ते वाढणारच. गाणाऱ्याला बंद पाठीचा हेडफोन द्या. वरच्या यादीतला के२४० अर्धवट उघडा आहे, तो मिक्सिंगला चांगला, माइकसमोर नको.

आता ते ११० डेसिबल. ती मर्यादा क्षणभराच्या उसळीसाठी धरली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावं. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८९ ला उरतात पाच तास. दिवसाला सहा तास एडिट करणाऱ्याचा हा कोटा एका दिवसात संपतो. ज्याच्या कानावर पोट आहे त्याने ताकदवान ॲम्प घेतल्यावर पहिल्या दिवशीच नॉबवर मार्करने एक खूण करावी आणि तिच्या पुढे जाऊ नये. हेडफोन कानाला लावायच्या आधी नॉब शून्यावर आणायची सवयही लावून घ्या, दुसऱ्याच्या कानावर लावताना तर नक्कीच.

दुकानात जाताना

ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पण शक्य असेल तर एकदा हातात घेऊन बघा. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावचं फुर्टाडोज गाठता येतं. स्वतःचे दोन हेडफोन, स्वतःची केबल आणि ओळखीचं एखादं गाणं सोबत न्या. आधी काहीही न वाजवता नॉब पूर्ण वर करा आणि सळसळ किती आहे ते ऐका. मग नॉब खाली आणून गाणं लावा आणि अगदी हळू आवाजात दोन्ही कानांत सारखं येतंय का ते बघा. शेवटी गाणं चालू असतानाच दुसरा हेडफोन लावा. पहिल्यातला आवाज जाणवण्याइतका पडला, तर तो डबा चौघांना पुरणार नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.